दोन रंगांच्या हातांनी भरलेले चुडे

अनोळखी बाईचा हात हातात घेऊन बसायची मुभा या जगात फार थोड्या लोकांना आहे. डॉक्टर नाडी बघतो, ज्योतिषी रेषा बघतो आणि कासार बांगड्या भरतो. पहिले दोघं हात धरून घाबरवतात. आम्ही निदान काहीतरी घालून परत पाठवतो.

आष्ट्याच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यात बसते. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून मांडी घालायच्या ऐवजी स्टुलावर बसते. आमच्या धंद्यात निवृत्ती म्हणतात ती हीच.

ज्यांनी बांगड्या फक्त लोखंडी स्टँडवर बघितल्यात त्यांच्यासाठी सांगते. काचेची बांगडी ताणत नाही. त्यामुळे बांगडी सरकवायची नसते, हात लहान करायचा असतो. अंगठ्याचं मूळ आत दाबायचं, चारी बोटांचे सांधे एकत्र गोळा करायचे, साबणाचं पाणी लावायचं आणि बाईला बोलतं ठेवायचं. बाई बोलायला लागली की हात सैल पडतो. मात्र विषय माहेरचा काढावा. सासूचं नाव काढलं की हात असा आवळतो की सव्वादोनच्या मापाला अडीच लागतं. आणि बांगडी फुटली तर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. नुकसानीला वाढ म्हणणारा हा एकच धंदा असेल असं मला वाटायचं, पण पुढे डॉक्टरांकडे जायला लागल्यावर कळलं की तिथंही तीच भाषा आहे, 'आजार वाढला' म्हणतात.

पहिला डाग उजव्या करंगळीच्या सांध्यावर आला. मला वाटलं साबण वाळलाय. सासूबाई म्हणाल्या, "चुना असंल. परवा पान खाल्लंस की." तो चुना धुऊन गेला नाही. उलट त्यानं शेजारच्या बोटावर सोयरीक जमवली, मग मनगटावर, मग डाव्या हातावर. थोड्या दिवसांनी ओठांच्या कडेला आला. दूध पिऊन तोंड पुसायचं राहिल्यासारखी दिसायला लागले.

आष्ट्यात त्वचेचे जाणकार किती आहेत ते मला तेव्हा समजलं. नागपंचमीचं शिराळा जवळ असल्यामुळे नाग तर ठरलेलाच. "गेल्या जन्मी नाग मारला असशील गं, जाऊन माफी माग," असं मला निदान पंचवीस बायकांनी वेगवेगळ्या आवाजात सांगितलं असेल. या जन्मी मी झुरळ दिसलं तरी नवऱ्याला हाक मारते, पण मागच्या जन्मी फारच शूर असणार. दुसऱ्या म्हणायच्या, दुधाबरोबर मासे खाल्लेस. आमचं घर माळकरी. मासा मी फक्त कृष्णेच्या पुलावरून बघितलेला. एका गिऱ्हाइकानं कसलंसं तेल आणून दिलं, "लाव आणि उन्हात बस." बसले. डागांवर फोड आले. ती म्हणाली, "बघ, गुण यायला लागला!"

शेवटी नवरा मला सांगलीला घेऊन गेला. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, हातमोजे न घालता, आणि उलटसुलट करून बघितले.

"हे कोड आहे. हे कुणाला लागत नाही आणि हा महारोगही नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी तुमचं शरीर स्वतःच मारतंय."

"का पण?"

"ते आम्हाला पूर्ण माहीत नाही."

तिचं ते 'माहीत नाही' मला फार आवडलं. तोवर भेटलेल्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं. तिनं मलम दिलं, प्रकाशाच्या पेटीसमोर बसवायचं ठरवलं. चेहऱ्याला फरक पडेल, हातांचं सांगता येत नाही, असंही सांगितलं. निघताना म्हणाली, "मन प्रसन्न ठेवा." बाकीची औषधं दुकानात मिळाली. हे कुठं मिळतं ते चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

मन प्रसन्न ठेवण्यासाठी मी काय केलं म्हणाल, तर रोज रात्रीची भांडी आवरली की बॉलपेननं प्रत्येक डागाच्या कडेनं रेघ मारायची आणि सकाळी उठल्या उठल्या बघायचं, डाग रेघेबाहेर आलाय का. शेताच्या बांधावरून भाऊभाऊ भांडतात तशी मी माझ्याच कातडीशी भांडत होते. न्हाणीघरातला आरसा काढून टाकला. नवऱ्याला दाढी करायची पंचाईत झाली. तो काही न बोलता शेजारच्या सलूनमध्ये जायला लागला. बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हे.

हळदीकुंकवाची बोलावणी येत होती. पण कुंकू लावणारणीचं बोट माझ्या कपाळाच्या अलीकडेच थांबायचं. हवेला कुंकू लावून ती पुढच्या बाईकडे सरकायची. हवा अखंड सौभाग्यवती झाली असेल.

मग मी हातमोजे आणले. स्कूटीवरच्या मुली उन्हासाठी घालतात तसले, कोपरापर्यंतचे. गिऱ्हाइकांना सांगितलं, साबणाची ॲलर्जी आहे. कासारणीला साबणाची ॲलर्जी म्हणजे सुताराला भुशाची, पण बायकांनी ते लगेच मान्य केलं. खरं ऐकण्यापेक्षा त्यांनाही तेच बरं वाटत होतं.

त्या मोज्यांनिशी मी एका ऊसवाल्यांच्या घरी चुडा भरायला गेले. आष्ट्यापासून जवळच्या गावात मोठं घर, तिथल्या मालकीणबाई मालतीवैनी. त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. अंगणात बायकांचा घोळका, गाणी चाललेली. मी मुलीचा हात धरला आणि मला काही समजेना. मोज्यातून हाड लागत नव्हतं. सांधा कुठं संपतो आणि अंगठ्याचं मूळ कुठं सुरू होतं, सगळं कापूस झालेलं. दुसरीच बांगडी मुलीच्या हातात तुटली आणि मनगटावर रक्त आलं. गाणी थांबली. हळदीच्या दिवशी नवरीच्या हातात हिरवी बांगडी वाढवली, म्हणजे काय झालं हे मी सांगायला नको.

मी घाबरून मोजे ओढून काढले आणि जखम दाबून धरली. तेव्हा सगळ्यांनी माझे हात बघितले.

मालतीवैनी पुढं आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "कासारीणबाई, वाईट वाटून घेऊ नका, पर हात न लावता भरता यील का वो?"

"येईल की. पोस्टानं पाठवते."

असं मी म्हणाले नाही. घरी येऊन भांडी घासताना म्हणाले. माझी सगळी चोख उत्तरं आमच्या भांड्यांनी ऐकली आहेत. तिथं मी फक्त मान हलवली आणि नवऱ्याला फोन करून बोलावलं. उरलेला चुडा त्यानं भरला.

त्यानंतर मी दुकानात बसणं सोडलं. माजघरात बसून बांगड्यांचे तोडे, म्हणजे जुडगे, बांधायचे, माप लावायचं, बाहेर द्यायचं. कुणी हाकललं नव्हतं. माझी मीच गेले. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न झालं, तिचा चुडा मी भरला नाही. बहीण रडली, मी ताप आल्याचं सांगितलं. त्या घरात मला कुणी काही म्हणालं नसतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आजही कुणी त्या लग्नाचा अल्बम काढला की मी चहा ठेवायला उठते.

नवऱ्याचा स्वभाव मऊ, पण हात नांगराचा. त्याच्या हातून इतक्या बांगड्या वाढू लागल्या की गिऱ्हाईक घटलं. अशात एका बाजारच्या दिवशी शेजारच्या गावची येसाआजी आली. हिला मी वर्षानुवर्षं भरत होते. तिनं नवऱ्याला दोन बांगड्या भरू दिल्या आणि ओरडली, "सोड रं बाबा, मनगट उपटतोस व्हय? तुजी बायकू कुटं हाय?"

"तिला बरं न्हाई आजी."

"मेली न्हाई न्हवं? बोलीव भाईर."

मी बाहेर आले. हात पदराखाली. म्हटलं, "आजी, माझ्या हातावर पांढरे डाग आलेत. लोकांना चालत नाही."

"मला मोतीबिंदू हाय," आजी म्हणाली. "मला तुजं त्वांडबी दिसंना. भर लवकर, यस्टी जाईल."

ज्ञानाचा उजेड पडून माझं आयुष्य पालटलं, असं मला इथं लिहायला आवडलं असतं. पण ते एका म्हातारीच्या मोतीबिंदूनं पालटलं. मी तिचा हात धरला. सगळी हाडं जागच्या जागी होती. एकही बांगडी वाढवली नाही. भरून झाल्यावर तिनं माझा हात चाचपला आणि म्हणाली, "ह्यो बघ, वळखीचा हात." मग एसटी गाठायला गेली. मी आत न जाता तिथंच बसले. संध्याकाळपर्यंत आणखी काही बायका आल्या. एकीनं मला बघून "नंतर येते" म्हटलं, बाकीच्यांनी हात पुढं केले. पुढे पुढे हात मागं घेणाऱ्या कमी झाल्या. काहींची समजूत पटली, काहींची सवय झाली. मला दोन्हीतला फरक कळेनासा झाला आणि कळून घ्यायची गरजही वाटेना. सांगलीच्या औषधानं ओठांचा रंग परत आला. हातांचा आला नाही.

यानंतर बरीच वर्षं गेली आणि एके दिवशी भर दुपारी मालतीवैनी स्वतः दुकानात आल्या.

"आमच्या पोरीचं, ऋतुजाचं लगीन हाय. उद्या हळद, परवा लगीन. चुडा भराय तुमीच या."

"यांना पाठवते की. मागच्या वेळी..."

"न्हाई, तुमीच या. मालकास्नी नको."

शेवटी माझ्या कलेची किंमत कळली, असं मला वाटलं. त्या दिवशी मी नवऱ्याशीही जरा तोऱ्यातच बोलले.

दुसऱ्या दिवशी गेले. मांडव पडला होता, आचारी कांदा चिरत होते. वैनींनी मला घोळक्यात न बसवता थेट आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली. पलंगावर ऋतुजा बसली होती. शिकलेली, उंच, देखणी मुलगी. उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज. वैनी म्हणाल्या, "दाव." तिनं बाह्या वर केल्या.

दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत डाग. माझी जुनी ओळखीची मंडळी.

"कोपरापतुर भरा," वैनी म्हणाल्या. "दाट. कुटं फट ठिवू नका. कुणी इचारलं तर म्हणायचं, पोरीला हौस हाय."

तेव्हा मला माझ्या कलेची खरी किंमत कळली. पांढऱ्या हाताची कासारीण पांढऱ्या हाताबद्दल बोलणार नाही, हा वैनींचा हिशेब होता. हिशेब तसा बरोबर होता.

"मुलाकडच्यांना माहीत आहे?" मी विचारलं.

"न्हाई. पोरगा मिल्ट्रीत हाय, शिराळ्याकडचा. लय चांगलं स्थळ. एकदा मंगळसूत्र पडू द्या गळ्यात, मग बघू."

"आणि बांगड्या वाढवल्या की?"

आसपास घासायला भांडी नव्हती, म्हणून मी पुढचंही तिथंच बोलले. "वैनी, मी मोजे घालून बघितलेत. आत डाग काही थांबले नाहीत. मला फक्त घाम जास्त आला. आणि शेवटी ते काढावे लागले ते तुमच्याच अंगणात, पन्नास बायकांसमोर. हिला सासरी काढावे लागतील."

"तुमाला काय जातंय बोलाया? तुमचं लगीन आदीच झालं हुतं!"

हे मात्र खरं होतं.

एवढा वेळ ऋतुजा खाली बघत होती. आता म्हणाली, "काकू, तुम्ही कशा राहता हो?"

तिला धीराचं काहीतरी हवं होतं. माझ्याकडे तसलं काही तयार नव्हतं. म्हटलं, "सकाळी हात बघितले की वाईट वाटतं. मग दुकान उघडावं लागतं. गिऱ्हाईक आलं की विसरते. एखाद्या दिवशी नाही विसरत. त्या दिवशी बांगड्या जास्त वाढवते. दुसऱ्या दिवशी परत दुकान उघडते."

मग तिनं उशीखालून मोबाईल काढला. वैनी "ए, ए" करत धावल्या, पण ती उंच होती. हात वर धरून तिनं नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजात ठेवला. पलीकडे लग्नघर असणार. मागं कुणीतरी माईकवर "चेक, चेक, वन टू थ्री" करत होतं.

"अक्षय, माझ्या हातांवर कोड हाय. दोन्ही. आईनं सांगू दिलं न्हाई. आता सांगते." एवढं बोलून ती रडायला लागली.

पलीकडचा माईक तेवढा बोलत राहिला. मग त्या मुलाचा आवाज आला.

"दुखतं का?"

"न्हाई."

"मग रडतीस कशाला?"

माझे डाग कसे आले, कुणाच्या शापानं आले, लागतात का, जातील का, हे मला सगळ्या तालुक्यानं विचारलं होतं. दुखतं का, हे कुणीच विचारलं नव्हतं. कोड दुखत नाही. तरी विचारलेलं बरं वाटतं. मी उगाच बांगड्यांची पेटी आवरायला घेतली.

"आईला सांगाय पायजे," तो म्हणाला, आणि आता त्याचाच आवाज कापत होता. सीमेवर उभा राहणारा गडी. पण सीमेवर आई नसते.

दोनेक तासांनी अंगणात जीप थांबली. मुलाची आई आणि मामा उतरले. तोवर घरात सगळ्यांना सगळं समजलेलं. आचाऱ्यांनी कांदा चिरायचा थांबवला होता. ऋतुजाचे वडील खांबाला टेकून उभे होते, जणू मांडव तेच धरून होते. मुलाची आई ठेंगणी, सावळी, कमरेला पदर खोचलेली. खोलीत येऊन म्हणाली, "दाव हात."

तिनं हात नीट बघितले. मग माझे बघितले आणि मला विचारलं, "तुमच्या घरात आणि कुणाला झालं का?"

"नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. सासूबाईंना माझा राग यायचा, पण तो डागांच्या आधीपासून."

ती हसली नाही. वैनींकडे वळली. "आदी सांगितलं असतं तर आमी आलो नसतो. खोटं कशाला बोलू? पर आता पत्रिका वाटल्यात, पावणं निघाल्यात, पोराची रजा सरत आलीया. परत रजा कवा मिळंल? त्यात ह्यो म्हणतोय, करीन तर हिच्याशीच. म्हणतोय, जी पोरगी आज खरं बोलली ती जलमभर खरं बोलंल." इथं ती थांबली. "म्या म्हनलं, बाबा, त्याचंच तर मला भ्या वाटतंय."

मग वैनींना म्हणाली, "पोरीचं काय न्हाई इहीणबाई. पर तुमचं मी इसरणार न्हाई."

आणि चहा न घेता निघून गेली. म्हणजे लग्न ठरल्याप्रमाणे होणार होतं. प्रेम जिंकलं, समाज बदलला वगैरे ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं. मी तिथं होते. निम्मं त्या पोरानं जिंकलं, निम्मं लष्कराच्या रजेनं.

मी कडी काढली. ऋतुजा बाहेर येऊन बायकांमध्ये बसली, बाह्या दुमडून. कुणीतरी खाकरून गाणं सुरू केलं, बेसूर, पण केलं. मी विचारलं, "किती भरू?"

"सगळ्यांच्या असतात तेवढ्याच," ती म्हणाली.

तिचा हात गार पडला होता. मी माहेरचा विषय काढणार होते, पण माहेर समोरच उभं होतं, रडून लाल झालेलं. म्हणून गप्पच भरल्या. एकही वाढवली नाही. चुडा झाल्यावर नवरी कासाराच्या पाया पडते, तशी ती पडली. मी तिला उठवलं तेव्हा आमचे चारी हात सगळ्यांना दिसत होते. बघणाऱ्यांनी बघून घेतलं.

ऋतुजा आता नवऱ्याबरोबर छावणीत असते. तिचा संसार वाढला, डागही वाढले. सासू दर दिवाळीला नवं मलम पाठवते आणि विहिणीला जुना टोमणा. एखाद्या दिवशी ऋतुजा मला फोन करून रडते. मी ऐकते. "मन प्रसन्न ठेव" असं मी तिला आजवर एकदाही म्हणालेले नाही. माझी समाजसेवा म्हणायची तर ती एवढीच. मालतीवैनींनी त्या दिवसाबद्दल कधी चांगलंवाईट काही काढलं नाही. पण संक्रांतीला त्या दुकानात येतात आणि माझ्याकडूनच भरून घेतात. पूर्ण वेळ रस्त्याकडे बघत.

अलीकडे माझ्या हातांवर नवीनच गंमत झालीय. डाग पसरत पसरत एकमेकांना मिळाले आणि दोन्ही हात जवळजवळ सगळे पांढरे झाले. नवी गिऱ्हाइकं, ज्यांनी मला आधी बघितलेलं नाही, ती माझे हात बघून खुळावतात. "काकू, काय गोऱ्यापान वो तुमी! काय लावता?" एकीनं तर क्रीमचं नाव लिहून घ्यायला मोबाईल उघडला होता. मी म्हटलं, "गेल्या जन्मी नाग मारावा लागतो." ती हसली. तिला चेष्टा वाटली.

मूळचा सावळा रंग आता फक्त उजव्या अंगठ्याच्या मुळाशी उरलाय, चिंचोक्याएवढा. परवा एक नवी सून आली होती. मी तिचा हात दाबत असताना तिचं लक्ष त्याच्यावर गेलं. चेहरा पाडून, फार काळजीनं म्हणाली, "आवं काकू, एवढा चांगला हात, आणि त्यावर ह्यो काळा डाग कशाचा वो?"

"तो डाग नाही बाई," मी म्हटलं. "तेवढी मी आहे."

ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "व्हय का? बरं, हिरव्यात आणि बारीक काही हाय का?"

होतं. काढून दिलं.